ऑर्गनॉइड (लघु-अवयव)

मूळपेशींपासून (ज्यांपासून इतर प्रकारच्या पेशी घडतात त्या पेशींपासून) प्रयोगशाळेत त्रिमितीय स्वरूपात वाढवलेला, एखाद्या अवयवाची सूक्ष्म रचना आणि काही कार्ये दाखवणारा पेशींचा गोळा. बहुतेक ऑर्गनॉइड मोहरीच्या दाण्याहून मोठे नसतात. मेंदूचे मात्र सुमारे ४ मिलिमीटरपर्यंत वाढतात. आतडे, यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस, दृष्टिपटल अशा अनेक अवयवांचे नमुने आज तयार होतात. यांपैकी एकही अखंड अवयव नव्हे. ‘बशीतला मेंदू’ हा मथळा खपतो, पण त्या बशीत विचार करणारे कोणी नसते.

विस्कटलेल्या पेशी आपण होऊन पुन्हा रचना धरतात, हे हेन्री विल्सन यांनी १९०७ मध्ये स्पंजावर दाखवले होते. ऑर्गनॉइडचा पाया तोच. सुरुवात दोन प्रकारे होते : रुग्णाच्या ऊतकाच्या तुकड्यातील मूळपेशी घेऊन, किंवा त्वचेच्या अथवा रक्ताच्या पेशी पुन्हा आद्यावस्थेत नेऊन. ही दुसरी वाट शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये मानवी पेशींवर खुली केली. पेशी मॅट्रिजेल या जेलीसारख्या पदार्थात ठेवतात. ते थंडीत पातळ असते आणि शरीराच्या तापमानाला थिजते. मग वाढीचे संदेश देणारी प्रथिने ठरलेल्या क्रमाने दिली की पेशी आपापली जागा घेतात. मॅट्रिजेल उंदराच्या गाठीपासून काढतात. प्राण्यांवरील प्रयोग कमी करू पाहणाऱ्या तंत्राची ही अडचण अजून पुरती सुटलेली नाही.

तोशिरो सातो आणि हान्स क्लेव्हर्स यांनी २००९ मध्ये नेदरलँड्समध्ये उंदराच्या आतड्याच्या एकेका मूळपेशीपासून ऑर्गनॉइड वाढवले. २०१३ मध्ये मॅडलिन लँकेस्टर आणि युर्गेन क्नोब्लिख यांनी व्हिएन्नात मानवी मेंदूचे ऑर्गनॉइड तयार केले. पुढे २०१६ मध्ये झिका विषाणू गर्भाच्या मेंदूतील कोणत्या पेशी मारतो, हे अशाच नमुन्यांवर दिसले. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णाला कोणते औषध लागू पडेल, हे ते औषध दिल्यावर त्याच्याच आतड्याचे ऑर्गनॉइड किती फुगतात त्यावरून जोखता येते.

प्राण्यांवर निर्धोक ठरलेले रसायन माणसाला घातक ठरू शकते. १९९३ मध्ये फियाल्युरिडिन हे हिपॅटायटिस-बीवरील औषध प्राण्यांच्या चाचण्यांतून पार पडले, पण मानवी चाचणीत यकृत निकामी होऊन पाच जण दगावले. मानवी यकृताच्या नमुन्यांची ओढ आहे ती यासाठी.

नाशिक जिल्ह्याला हा विषय औषधापेक्षा द्राक्षाच्या बाजूने जवळचा आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट (बागायतदारांच्या बोलण्यातले लिहोसिन) या वाढरोधकाच्या अंशामुळे युरोपात द्राक्षांचे कंटेनर अडकले, तेव्हापासून निफाड-दिंडोरीच्या निर्यातदाराला ‘रेसिड्यू’ (मालात उरलेला रसायनाचा अंश) हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. माणसाने रोज किती अंश खाल्ला तरी चालेल, हा आकडा मुख्यतः उंदीर-कुत्र्यांवरील चाचण्यांतून काढतात आणि सावधगिरी म्हणून बहुधा शंभराने भागतात. हा भागाकार सोयीचा आहे, पण मानवी ऊतकात काय घडते ते त्यातून कळत नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात २०२१ मध्ये स्वमग्नतेशी संबंधित सीएचडी८ जनुकाची एक प्रत निकामी केलेल्या मेंदूच्या ऑर्गनॉइडवर क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक वापरले, तेव्हा त्या जनुकाचे प्रथिन आणखी घटले. आनुवंशिक कमजोरी आणि फवारणीचे रसायन एकत्र आले तर काय होते, हे विचारण्याची सोय उंदरावरच्या नेहमीच्या चाचणीत फारशी नव्हती. प्रस्तुत लेखकाच्या मते फवारणी करणाऱ्या मजुरांसाठी हा प्रश्न निर्यातीच्या आकड्याहून महत्त्वाचा आहे. ग्राहकाच्या पोटात अंश जातो, मजुराच्या अंगावर थेट फवारा.

मर्यादा मोठ्या आहेत. बहुतेक ऑर्गनॉइडमध्ये रक्तवाहिन्या नसतात. ऑक्सिजन एका मिलिमीटरच्या दशांशाहून फार आत पोहोचत नाही आणि गाभ्यातील पेशी मरतात. रोगप्रतिकारक पेशीही सहसा नसतात. आद्यावस्थेतून वाढवलेले ऊतक गर्भावस्थेच्या टप्प्यावरच घुटमळते, त्यामुळे म्हातारपणाच्या आजारांसाठी ते अपुरे पडते. शिवाय एका घाण्यातले नमुने दुसऱ्या घाण्याशी तंतोतंत जुळत नाहीत.

अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये नव्या औषधासाठी प्राण्यांवरील चाचणीची कायदेशीर सक्ती काढली. भारतातही मार्च २०२३ मध्ये नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती होऊन ऑर्गनॉइड आणि चिपवरील अवयव (चिपवर वाढवलेल्या पेशींचे अवयवासारखे नमुने) यांसारख्या पद्धतींना जागा मिळाली. राज्यभरातील वैद्यकीय महाविद्यालये ज्याच्याशी संलग्न आहेत ते महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्ये म्हसरूळला आहे. नव्या पद्धती अभ्यासक्रमात आणायच्या तर त्याचा रस्ता इथूनच जातो.

नीतीचा प्रश्न मेंदूच्या नमुन्यांना कधी जाणीव येईल का, एवढ्यापुरता नाही. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीपासून वाढवलेले ऑर्गनॉइड गोठवून वर्षानुवर्षे ठेवता येतात, रुग्ण गेल्यानंतरही वाढवता येतात. शस्त्रक्रियेच्या नेहमीच्या संमतिपत्रात हे मावत नाही. ऊतक संशोधनाला देण्यासाठी रुग्णाला कळेल अशा भाषेतली वेगळी संमती घ्यावी लागते.