सेमी ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन नुसतं घूंऽऽ करतंय: कपॅसिटर गेलाय की मोटर?

टायमर फिरवला, टबातून घूंऽऽ असा दबका आवाज येतो, पण चकती जागची हलत नाही. सेमी ऑटोमॅटिक मशीनचं हे अगदी नेहमीचं दुखणं. त्यामागे बहुधा दोनपैकी एक कारण असतं आणि दोन्हींचा आवाज एकसारखाच असतो. कपॅसिटर गेला असेल तर शे-दोनशे रुपयांचा सुटा भाग आणि अर्ध्या तासाचं काम. मोटर जळली असेल तर दीड-दोन हजारांची फोडणी. आवाज ऐकूनच ‘मोटर गेली’ म्हणणारा मेकॅनिक एकतर घाईत असतो किंवा हुशार असतो.

त्याआधी एक सूचना. मोटर घूं करत अडकली असेल तर लगेच बंद करा. ‘फिरेल थोड्या वेळाने’ म्हणून टायमर संपेपर्यंत चालू ठेवू नका. न फिरणारी मोटर चालत्या मोटरीच्या कितीतरी पट करंट ओढते, त्या उष्णतेने वाइंडिंगवरचं (मोटरीतल्या तारेच्या वेटोळ्यांवरचं) वार्निश करपतं आणि तारा एकमेकींना चिकटतात. पुष्कळ मोटरी अशाच मरतात: आधी कपॅसिटर गेलेला असतो आणि घरचे दोन दिवस पुन्हा पुन्हा चालू करून बघत राहतात.

कपॅसिटर नसला की मोटर का अडते? घरात येणारी वीज सिंगल फेज. तिच्यावर मोटरीतलं चुंबकीय क्षेत्र नुसतं जागच्या जागी थरथरतं, फिरत नाही. दुसऱ्या वाइंडिंगला कपॅसिटरमधून मिळणारा करंट थोडा पुढे सरकलेला असतो, म्हणून क्षेत्राला दिशा मिळते आणि शाफ्टला पहिला धक्का बसतो. कपॅसिटर मेला की उरते ती थरथर, म्हणजेच तो घूंऽऽ. वाइंडिंग तुटलं किंवा आतून शॉर्ट झालं तरी हेच. म्हणून कान एकटा पुरत नाही.

तरी कानाचा एक उपयोग आहे. वॉशची मोटर आलटून पालटून दोन्ही दिशांना फिरते, तेव्हा दोन्ही फेऱ्या ऐका, पण एका वेळी पाच-सात सेकंदच. दोन्ही दिशांना सारखाच घूं असेल तर संशय कपॅसिटरवर. एका दिशेला जोरात घूं आणि दुसऱ्या दिशेला जेमतेम ऐकू येईल इतका, तर एक वाइंडिंग तुटलेलं असण्याची शक्यता मोठी. एका दिशेला व्यवस्थित फिरते आणि दुसऱ्या दिशेला अगदीच गप्प, तर कपॅसिटर आणि मोटर दोघंही निर्दोष: टायमरचा कॉन्टॅक्ट जळलाय किंवा टायमरपासून मोटरीपर्यंतची वायर तुटलीय. पावसाळ्यात उंदीर खालून शिरून वायरी कुरतडतात. खालची जाळी फुटलेली असेल तर आधी तिकडे बघा.

आता पट्टा. प्लग सॉकेटमधून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये स्विच कधी कधी न्यूट्रलवर असतो आणि फेज मशीनमध्ये तशीच राहते. टबातलं पाणी काढा, मागचं झाकण उघडा आणि मोटरीच्या पुलीवरून व्ही-बेल्ट उतरवा. पुली हाताने फिरवा. सहज फिरली पाहिजे. जड लागली किंवा अडकली तर मोटरीचा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) जाम आहे. मोटर मोकळी, पण खालची मोठी पुली फिरत नाही, तर गिअरबॉक्स जाम आहे किंवा चकतीखाली नाणं, केसांची पिन, लहान मुलाचा मोजा अडकलाय. चकतीच्या मधला स्क्रू काढला की ती वर उचलता येते. विजेचा इथे काहीच दोष नसतो, आवाज मात्र अगदी तोच येतो.

दोन्ही पुल्या मोकळ्या असतील तरच कपॅसिटरकडे वळा. तो मोटरीजवळच असतो: पांढरी किंवा काळी प्लॅस्टिकची डबी, नाहीतर अॅल्युमिनियमचा गोल डबा. प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो. होल्डरला दोन वायरी लावलेला जुना पिवळा फिलामेंटचा बल्ब दोन्ही टोकांना काही सेकंद धरला की तो रिकामा होतो. एलईडी बल्ब चालत नाही. स्क्रू ड्रायव्हरने दोन टोकं जोडून ठिणगी काढायची सवय सर्रास दिसते. त्याने टोकं जळतात आणि हातही दचकतो.

पुष्कळ मशीनमध्ये एकाच डबीत दोन कपॅसिटर असतात आणि तीन वायरी बाहेर येतात: मोठा आकडा वॉशचा, लहान ड्रायरचा. वॉशला बहुधा १० ते १२ मायक्रोफॅरॅड (कपॅसिटरच्या क्षमतेचं माप), ड्रायरला ४ ते ६. नेमका आकडा डबीवरच छापलेला असतो, त्यावरच जा. वायर कुठे होती याचा मोबाइलवर फोटो काढा, निदान एका बाजूची वायर सोडवा आणि मायक्रोफॅरॅडची रेंज असलेल्या मल्टिमीटरने मोजा. १० आणि ±५ टक्के लिहिलं असेल तर ९.५ ते १०.५ चांगला. ९ च्या खाली गेला की बदला. ६-७ दाखवणारा कपॅसिटर फार फसवतो: रिकाम्या टबात चकती फिरते, चादरी टाकल्या की अडते. लोक गिअरबॉक्सला दोष देत बसतात.

डबी फुगलेली नाही म्हणजे कपॅसिटर चांगला, असं नाही. आतल्या फिल्मवर बारीक छेद पडला की त्याभोवतीचा धातूचा थर जळून जातो आणि छेद आपोआप बंद होतो. प्रत्येक वेळी क्षमता किंचित घटते. बाहेरून वर्षानुवर्षं काहीच दिसत नाही. छताचा पंखा हळूहळू मंदावतो तोही याच कारणाने.

नवा घेताना दुकानात कंडेन्सर म्हणून मागितला तरी कळतं, पण दोन आकडे सांगा: मायक्रोफॅरॅड आणि व्होल्ट. ४४० व्होल्टचाच घ्या. वीज २३० व्होल्टची असली तरी चालत्या मोटरीत कपॅसिटरवरचा दाब त्याहून बराच वर जातो. २५० चा टिकत नाही. पंख्याचा २.५ किंवा ३.१५ वाला वॉशला लावून उपयोग नाही, जोरच येत नाही. ‘मोठा टाकला की जास्त ताकद’ हाही खुळा समज. त्याने वाइंडिंग तापतं. १० मिळालाच नाही तर ६ आणि ४ चे दोन समांतर जोडून १० होतात, ते चालतं.

कपॅसिटर बरोबर मोजला गेला तर मोटरीची पाळी. वॉशच्या मोटरीतून तीन वायरी येतात: एक कॉमन (दोन्ही वाइंडिंगची सामायिक), दोन दिशांच्या. दोन्ही दिशांना सारखा जोर हवा, म्हणून दोन्ही वाइंडिंग सारखीच असतात. कॉमनपासून एकीपर्यंत समजा ३० ओहम आले, तर दुसरीपर्यंतही ३० च्या आसपास आणि त्या दोघींमध्ये ६०. आकडा मोटरीगणिक बदलतो, पण हा मेळ बदलत नाही. ३० आणि १८ आले तर १८ वालं आतून शॉर्ट आहे. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटली.

इथे एक गफलत होते. मोटर फार तापलेली असेल तर तिच्यातला थर्मल प्रोटेक्टर उघडतो, म्हणजे तापलेल्या मोटरीची वीज तोडतो. मग मीटरवर तार तुटल्यासारखं दिसतं आणि मशीन घूंसुद्धा करत नाही. तासभर थंड होऊ द्या, मग पुन्हा मोजा. चांगल्या मोटरी अशा घाईत भंगारात गेल्यात.

ड्रायरच्या मोटरीला हा नियम लावू नका. ती एकाच दिशेने फिरते, तिचं मुख्य आणि स्टार्टिंगचं वाइंडिंग वेगवेगळं असतं, त्यामुळे आकडे असमान येणारच. लहान दोन आकड्यांची बेरीज तिसऱ्याएवढी आली की झालं. शिवाय ड्रायर फिरत नसेल तर आधी झाकणाचा स्विच, ब्रेकची केबल आणि टबाच्या फटीत पडलेला रुमाल बघा. ब्रेक सुटला नसेल तरी घूंच येतो.

शेवटचं मोजमाप चुकवू नका: प्रत्येक वायर आणि मोटरीची उघडी लोखंडी बॉडी यांच्यामध्ये मीटरने काहीही दाखवता कामा नये. दाखवलं तर बॉडीत करंट उतरतोय. मोटर फिरत असली तरी ते मशीन बाथरूमच्या ओल्या फरशीवर चालवायचं नाही.

मीटर घरात नसेल तर मेकॅनिकला बोलवा, पण फोनवरच व्हिजिट चार्ज विचारा आणि ‘येताना कपॅसिटर मोजायचं मीटर आणा’ असं सांगा. तो मोटर बदलायची म्हणाला तर तीन वायरींची मापं समोर घ्यायला लावा. मोटर खरंच गेली असेल तर नवी तांब्याच्या वाइंडिंगची आहे की अॅल्युमिनियमच्या, हे बिलावर लिहून घ्या आणि जुनी स्वतःकडे ठेवा. तांब्याची असेल तर भंगारातही बरे पैसे येतात. रिवाइंडिंग (जुन्याच मोटरीत नवी तार गुंडाळणं) स्वस्त पडत असेल तरच करा. मशीन नवं असेल तर झाकण उघडण्याआधी वॉरंटी कार्ड वाचा: पुष्कळदा मोटरीची वॉरंटी मशीनपेक्षा जास्त वर्षांची असते, आणि बाहेरच्या माणसाने स्क्रू काढल्याचं दिसलं की कंपनी हात वर करते.

फ्रंट लोड आणि इन्व्हर्टर मशीनना यातलं काही लागू नाही. त्यांच्या मोटरीला असा कपॅसिटर सहसा नसतोच. तिथे कार्बन ब्रश नाहीतर कंट्रोल बोर्ड तपासावा लागतो.