चाड्यावरची मूठ

निकाल लागला की लातूरच्या चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. क्लासचं नाव मोठं, खाली पासपोर्ट फोटोतली पोरं आणि त्यांचे मार्क. निलंग्याहून, गंगाखेडहून आलेली मुलं रूमवर जाता-येता ते वाचतात. ही मुलं पेटून उठतील, असं आपण गृहीत धरतो. माझ्या मते, पोरगं अकरावीच्या जूनमध्ये आहे की बारावीच्या जानेवारीत, यावर ते ठरतं.

१९९७ साली पेनेलोपी लॉकवुड आणि झीवा कुंडा या मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासलं होतं. अकाउंटिंगच्या विद्यार्थ्यांना त्यांनी चौथ्या वर्षातल्या एका अतिशय हुशार विद्यार्थ्याची बातमी वाचायला दिली. बातमी रचलेली होती. पहिल्या वर्षाच्या मुलांना ती वाचून हुरूप आला, कारण हातात तीन वर्षं होती. चौथ्या वर्षाची मुलं उलट खट्टू झाली. त्यांची गाडी निघून गेली होती. म्हणजे तोच आदर्श एकाला उभारी देतो आणि दुसऱ्याला खाली बसवतो.

त्याआधी, १९८५ मध्ये, डेल शंक आणि अँटोनेट हॅन्सन या संशोधकांनी हातच्याची वजाबाकी न जमणारी मुलं निवडली. काहींना व्हिडिओवर त्यांच्याच वयाचं मूल ती वजाबाकी शिकताना दाखवलं, काहींना गणित सोडवणारे शिक्षक दाखवले, काहींना काहीच दाखवलं नाही. नंतर मुलांना सारखंच शिकवलं. सगळ्यांत पुढे गेली ती आपल्यासारखं पोर बघितलेली मुलं. गुरुजींना येणारच, त्यात नवल काय! शेजारच्या बाकावरच्याला आलं की मात्र ‘मग मला का नाही?’ हा प्रश्न पडतो.

हे वर्गाबाहेरही घडतं. ७३व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींत महिलांना एक-तृतीयांश आरक्षण मिळालं. सरपंचपद कुठल्या गावात राखीव होणार हे कुणाच्या मर्जीवर नसल्यामुळे संशोधकांना आयताच प्रयोग मिळाला. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातल्या ४९५ गावांचा असा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो या त्यातल्या एक संशोधक. मुलाने किती शिकावं, काय व्हावं आणि मुलीने काय, यात आईबापांच्या अपेक्षांत तफावत असते. जिथे सलग दोन वेळा महिला प्रमुख आली होती, तिथे ही तफावत २५ टक्क्यांनी घटली. किशोरवयीन मुलामुलींच्या स्वतःच्या आकांक्षांतली ३२ टक्क्यांनी घटली. शिक्षणातली दरी तर बुजलीच. एकदाच आरक्षण येऊन गेलेल्या गावांत एवढा फरक दिसला नाही. आपल्याकडेही ‘सरपंचपती’ची थट्टा होते, ती रास्तही आहे, पण ग्रामसभेत खुर्चीवर बसलेली बाई दहा वर्षं दिसत राहणं, हे मुलींसाठी भाषणापेक्षा मोठं काम करून जातं.

दिसण्याने मन तयार होतं. हाताला वळण लागायला कुणीतरी शेजारी लागतं. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनला राहून आला. धावायचा तो क्रॉसकंट्री. अडथळ्यांची ३,००० मीटर शर्यत तुझी आहे, हे ओळखलं प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत साबळेने ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य घेतलं. सुवर्ण हुकलं ०.०५ सेकंदाने.

अशा माणसाचं काम नेमकं काय, हे १९७६ मध्ये डेव्हिड वुड, जेरोम ब्रुनर आणि गेल रॉस यांनी लहान मुलांना लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचायला शिकवताना टिपलं. जमेल तेवढं मुलालाच करू द्यायचं, अडलं तिथेच हात लावायचा. त्यांनी याला शब्द दिला ‘परांची’ या अर्थाचा. गवंडी भिंतीसाठी बांधतो आणि भिंत झाली की सोडतो, ती.

मला ती परांची सहावीत असताना भेटली होती, रब्बीच्या पेरणीला. तिफण म्हणजे बैलांनी ओढायचं पेरणीचं अवजार, आणि चाडं म्हणजे त्यावरचं बी सोडायचं भोकांचं भांडं. त्या चाड्यावर मूठ धरणं हे आजीचं काम. तीन भोकांत ज्वारी सारखी पडली पाहिजे, बैलाच्या चालीला धरून. पहिल्या तासाला, म्हणजे पेरणीच्या पहिल्या ओळीला, माझ्या मुठीवर तिची मूठ होती. “घट्ट नको धरू. अंगठ्यानं दाना पुढं ढकलत जा.” नंतर ती हात काढून शेजारून चालू लागली, अधूनमधून नुसती “हं” म्हणायची. चौथ्या तासाला मागे बघितलं तर आजी बांधावर पाय पसरून बसलेली, पान लावत.

आठवड्याने ज्वारी उगवली. आजीच्या ओळी भरगच्च, माझ्या ओळींना जागोजागी टक्कल, म्हणजे नांग्या. मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवत ती म्हणाली, “नांग्या भर आता. कुठं कामून मोकळं राह्यलं, ते बी बघत जा.” आणि मी खाली बसलो तशी ती घराकडे चालू लागली.