गाडीचा ईसीयू: बिघाड ओळखणं आणि बदलणं

ईसीयू म्हणजे इंजिन कंट्रोल युनिट, काही कंपन्या त्यालाच ईसीएम म्हणतात आणि गॅरेजमध्ये नुसतं 'कॉम्प्युटर' म्हटलं तरी भागतं. बहुतेक गाड्यांत ही ॲल्युमिनियमची चपटी डबी असते, कुठे बोनेटखाली, कुठे डॅशबोर्डच्या मागे, कुठे चक्क पुढच्या सीटखाली. क्रँक सेन्सर, थ्रॉटल, ऑक्सिजन सेन्सर, इंजिनचं तापमान हे सगळं वाचायचं आणि इंजेक्टर (इंधन फवारणारी तोटी) किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा, स्पार्क कधी द्यायचा ते ठरवायचं, एवढंच तिचं काम, पण ते मिनिटाला हजारो वेळा. बॉश कंपनीने १९६७ मध्ये डी-जेट्रॉनिक ही सिस्टीम आणली तेव्हा फक्त इंधन इलेक्ट्रॉनिक झालं होतं, इंधन आणि इग्निशन एकाच डब्यात आले ते १९७९ च्या मोट्रॉनिकमध्ये.

आता मुद्द्याचं. गाडी चालू होत नाही, स्कॅनरवर दिसणारा बिघाडाचा कोड कळत नाही, म्हणजे ईसीयू गेला असं पटकन म्हटलं जातं, पण ईसीयू आपणहून क्वचितच जातो. बहुतेक वेळा दोष असतो वायरिंगमध्ये, अर्थमध्ये (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणाऱ्या जोडणीत), रिलेमध्ये नाहीतर एखाद्या सेन्सरमध्ये, आणि ईसीयू खरंच गेला असेल तर त्याला घालवणारं काहीतरी बहुधा अजून गाडीतच बसलेलं असतं, ते न शोधता नवीन डबा लावला की तोही जातो.

लक्षणं तशी कुठल्याही बिघाडासारखीच. स्टार्टर फिरतो पण इंजिन पकडत नाही, एकच सिलिंडर कायम मिस मारतो, गरम झाल्यावर गाडी बंद पडते आणि अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशी चालू होते. त्यातल्या त्यात कामाची खूण म्हणजे चेक इंजिनचा दिवा. चावी ऑन केल्यावर इंजिन चालू व्हायच्या आधी तो लागलाच पाहिजे, लागत नसेल आणि स्कॅनरही ईसीयूशी बोलत नसेल तर ईसीयूपर्यंत सप्लाय पोचतोय का हे आधी बघायचं. पी०६०१, पी०६०५, पी०६०६ हे कोड ईसीयूच्या आतल्या मेमरीचे आणि प्रोसेसरचे, यू०१०० म्हणजे बाकीच्या मोड्यूलना (गाडीतल्या इतर छोट्या कॉम्प्युटरना) ईसीयू सापडत नाहीये. पण बॅटरी मेली असेल तरी असले कोड पडू शकतात, त्यामुळे आधी बॅटरी चार्ज करून, कोड पुसून, परत येतात का ते बघावं.

तपासणी करताना सगळ्यात जास्त चुकतं ते अर्थच्या ठिकाणी. मीटर ओहमवर लावून अर्थ बघितला की शून्य दाखवतो आणि माणूस पुढे जातो, पण वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मीटर शून्यच दाखवणार, कारण मीटर तिच्यातून नावापुरताच करंट सोडतो. म्हणून मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा, एक पिन ईसीयूच्या अर्थवर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर, आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगायचं. ०.१ व्होल्टच्या वर आकडा गेला की अर्थ खराब, विषय संपला.

दुसरी फसवी गोष्ट ५ व्होल्टची. ईसीयू बऱ्याच सेन्सरना एकाच लाइनवरून ५ व्होल्ट देतो, एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की अख्खी लाइन खाली बसते आणि काही गाड्यांत ईसीयू मेल्यासारखाच वागतो. मीटर लावून ठेवायचा आणि एकेक सेन्सरचं कनेक्टर काढत जायचं, ज्याचं काढल्यावर ५ व्होल्ट परत उभे राहतात तो चोर. (दोष स्वस्तातल्या सेन्सरचा होता हे डबा बदलल्यावर कळलं की फार जळतं.) सीएएन लाइन (गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी जिच्यावरून बोलतात ती वायरींची जोडी) बघायची तर बॅटरी काढून ओबीडीच्या, म्हणजे स्कॅनर लावायच्या, १६ पिनच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजायचे, साधारण ६० आले तर ठीक, १२० आले तर लाइनच्या एका टोकाचा रेझिस्टर सुटलाय, आणि तो बऱ्याचदा ईसीयूच्या आतच असतो.

एवढं सगळं नीट असेल तर मग डबा काढायचा. बॅटरीचं निगेटिव्ह आधी सोडायचं आणि कनेक्टर उपसला की पिना उजेडात धरून बघायच्या. हिरवट पावडर म्हणजे पाणी शिरलंय, बहुतेक वेळा पुढच्या काचेखालची पाणी जायची भोकं पाल्याने बुजल्यामुळे. पिना तेलकट असतील तर ऑइल एखाद्या गळक्या सेन्सरमधून वायरीच्या आतून झिरपत आलंय, खोटं वाटेल पण येतं. ८०-९० च्या दशकातल्या डब्यांत फुटलेले कपॅसिटर असतात आणि त्यांना सडक्या मासळीसारखा वास येतो. बोर्डवर एकाच ठिकाणी करपल्याचा डाग असेल तर ती कॉइलची किंवा इंजेक्टरची ड्रायव्हर चिप (त्यांना करंट देणारी), आणि मग ती कॉइल किंवा तो इंजेक्टर बदलल्याशिवाय पुढे जाऊच नये. उलटी लावलेली जंप केबल आणि बॅटरी न काढता केलेलं वेल्डिंग हेही नेहमीचे मारेकरी.

बदलताना डबा दिसायला सारखा आहे एवढ्यावर जाऊ नये, लेबलवरचा हार्डवेअर नंबर आणि सॉफ्टवेअर नंबर दोन्ही जुळावे लागतात. इमोबिलायझर (ओळखीची चावी नसेल तर गाडी चालू न होऊ देणारी सोय) असलेल्या गाडीत दुसऱ्या गाडीवरचा ईसीयू नुसता लावला तर गाडी चालू होऊन दोन सेकंदात बंद पडते किंवा चालूच होत नाही, कारण त्याच्या आत दुसऱ्याच गाडीच्या चावीचा डेटा बसलेला असतो. दोन मार्ग असतात, एकतर नवीन डब्यात व्हीआयएन (गाडीचा चॅसिस नंबर) टाकून चाव्या नव्याने मॅच करायच्या, नाहीतर जुन्याच्या मेमरीतला डेटा काढून दुसऱ्यात जसाच्या तसा टाकायचा, ज्याला क्लोनिंग म्हणतात. फ्लॅशिंग, म्हणजे डब्यात सॉफ्टवेअर भरणं, चालू असताना बॅटरीला सपोर्ट सप्लाय लावलेलाच हवा, मध्येच व्होल्टेज पडलं तर नवा कोरा डबाही जागेवर विटेसारखा होतो.

बसवल्यावर थ्रॉटलचं (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेचं) रीलर्न करावं लागतं, म्हणजे तिची जागा ईसीयूला परत शिकवावी लागते, तोवर आयडलिंग थोडं हलतं. ईसीयू स्वतः घेतो त्या इमिशनच्या (धुराच्या) चाचण्याही शून्यापासून परत पूर्ण व्हाव्या लागतात, त्याला काही दिवसांचं ड्रायव्हिंग लागतं, तोपर्यंत पीयूसीसारख्या तपासणीला जिथे ओबीडी बघतात तिथे गाडी अडू शकते. जुना डबा मात्र लगेच भंगारात देऊ नये, तो मेलेला असला तरी मेमरीची चिप बऱ्याचदा शाबूत असते आणि चावीचा डेटा तिथूनच निघतो.