मधले नाव (खानदेशातील वंशशोधात)

व्यक्तिनाम व आडनाव यांच्यामध्ये येणारे वडिलांचे, विवाहितेच्या बाबतीत बहुधा पतीचे, नाव. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत वंशावळ जुळवताना आडनावापेक्षा याचाच आधार अधिक. ‘पाटील’ हे मूळचे वतनवाचक नाव येथे मराठा, लेवा, गुजर, राजपूत अशा अनेक समाजांत आडनाव झाले आहे. एकाच गावच्या दोन पाटलांत नाते असेलच असे नाही. ‘कोना पोऱ्या शे?’ (कोणाचा मुलगा आहे?) हा अहिराणी प्रश्न त्यामुळे नुसत्या चौकशीपुरता नसतो.

या पद्धतीच्या उगमाविषयी एकवाक्यता नाही. मोडी कागदांत ‘अमुक बिन तमुक’ किंवा ‘वलद तमुक’ असे लिहीत. ‘मुलगा’ या अर्थाचे हे अरबी शब्द फार्सी दफ्तरांतून आले, म्हणून पितृनाम जोडण्याची रीतही फारुकी सुलतानांच्या (खानदेशातील सत्तेचा शेवट १६०१) वा मोगल अमदानीतील समजली जाते. तथापि शब्द उसना असला म्हणजे चालही उसनी ठरत नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथील, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख (शके ११२८, सु. १२०६-०७) त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कराचार्य, लक्ष्मीधर, चांगदेव अशी पितापुत्रांची ओळ देतो. भास्कर हे नाव तीत पाच पिढ्यांनी परत आले आहे. अर्थात ही विद्वानांच्या घराची वंशावळ. कुणब्याच्या घरीही असेच चाले, असे तिच्यावरून म्हणणे धाडसाचे.

आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल वंशशोधकाला सर्वांत जास्त चकवते. सुपडू तुकाराम, त्याचा मुलगा तुकाराम सुपडू, नातू पुन्हा सुपडू तुकाराम: आजा व नातू यांचे पूर्ण नाव एकच. अशा वेळी जमिनीच्या फेरफारातील वारसनोंद, गट क्रमांक व भावांची नावे ताडून पाहावी लागतात. सुपडू, उखर्डू, नथू, दगडू ही मूल जगावे म्हणून ठेवलेली नावे गावोगाव आढळत असल्याने नुसते नामसाम्य पुरावा ठरत नाही.

विवाहितेचे पितृनाम कागदावरून जाते. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) या आसोद्याच्या उखाजी महाजन यांच्या कन्या. सासरी नथुजी हे पतीचे नाव मध्ये आले. प्रतिभा देवीसिंह पाटील या नावात तर मधले नाव पतीचे आणि आडनाव माहेरचे आहे. पतीचे आडनाव शेखावत.

साधनांत गाव नमुना १४ (गावची जन्म-मृत्यू नोंदवही), शाळांची प्रवेश-निर्गम नोंदवही, वंशावळी राखणाऱ्या भाटांच्या वह्या व नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या येतात. नामावळीत यजमानासोबत भाऊबंदांचीही नावे मिळत असल्याने ती अधिक उपयोगी वाटते. सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजांत वंशस्मृती मुख्यतः तोंडी आहे.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय नोंदींत महाराष्ट्रात स्वतःच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम आहे.