फोनचं अपडेट आणि ॲपचं अपडेट: जुन्या मोबाइलवर व्हिडिओ नेमका कुठं अडतो?

सोलापुरात नवी पेठेतल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत एक मागणी हमखास ऐकू येते: "अण्णा, यूट्यूब चालंना झालंय, जरा सॉफ्टवेअर मारून द्या की." मागणाऱ्याला वाटतं, फोन जुना झाला, अपडेट मारलं की व्हिडिओ सुरू होईल. पण अपडेट दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून येतं. यातलं कुठलं अडलंय हे न पाहता फोन दुकानात दिला, तर पैसे जातात, फोटो जातात आणि व्हिडिओ तिथंच राहतो.

फोनचं अपडेट ज्या कंपनीने फोन बनवला ती देते: सॅमसंग, शाओमी, विवो, जी असेल ती. ते सेटिंगमध्ये 'सॉफ्टवेअर अपडेट' किंवा 'सिस्टीम अपडेट' या नावाखाली सापडतं आणि त्यात खुद्द ॲण्ड्रॉइड बदलतं. नवं ॲण्ड्रॉइड गूगल तयार करतं, मग चिप बनवणाऱ्याने ते आपल्या चिपवर बसवून द्यावं लागतं, मग फोन कंपनीने त्या मॉडेलवर तपासून पाठवावं लागतं. या साखळीत एकाने हात आखडता घेतला की तो फोन आहे त्या व्हर्जनवर कायमचा थांबतो. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि घरोघरी स्वस्त फोर-जी हँडसेट आले. त्यातल्या बऱ्याच फोनना एखादंच मोठं अपडेट मिळालं, काहींना तेही नाही. पिक्सेल ८ (२०२३) आणि गॅलेक्सी एस२४ (२०२४) यांना सात वर्षं अपडेट देण्याचं वचन आहे, पण ते महागडे फोन. आपल्याकडे आईवडिलांच्या हातात जे फोन आहेत, त्यांचा या वचनाशी संबंध नाही.

ॲपचं अपडेट प्ले स्टोअरमधून येतं आणि ते ॲप बनवणारा देतो. फोन कंपनीचा यात काही हात नसतो. म्हणून कंपनीने केव्हाच वाऱ्यावर सोडलेल्या २०१८ च्या फोनलाही एखाद्या ॲपचं ताजं अपडेट मिळू शकतं, आणि पाहणाऱ्याला वाटतं की फोन 'अपडेट' आहे. तसं नसतं. ॲप नवं आणि खालचं ॲण्ड्रॉइड जुनं, अशी ती स्थिती असते.

दोघांची गाठ पडते ती एकाच ठिकाणी. किमान कुठलं ॲण्ड्रॉइड हवं, हे प्रत्येक ॲप स्वतः ठरवतं आणि ती अट वर वर सरकत राहते. व्हॉट्सॲपने २४ ऑक्टोबर २०२३ पासून ॲण्ड्रॉइड ५ ची अट घातली. त्याच वर्षी गूगलने ॲण्ड्रॉइड ४.४ म्हणजे किटकॅटसाठी आपल्या प्ले सर्व्हिसेसची (बऱ्याच ॲपना मागून आधार देणाऱ्या गूगलच्या सॉफ्टवेअरची) नवी व्हर्जन देणं बंद केलं. क्रोमने २०२५ मध्ये ॲण्ड्रॉइड ८ आणि ९ ला नवी व्हर्जन देणं थांबवलं. तुमचा फोन अटीच्या खाली गेला की मोठा गाजावाजा होत नाही. प्ले स्टोअरमध्ये 'अपडेट' हे बटण दिसेनासं होतं, एवढंच. आधी टाकलेलं जुनं ॲप फोनमध्ये राहतं आणि पलीकडचा सर्व्हर त्याच्याशी बोलतोय तोवर चालतंही. मग एक दिवस सर्व्हर बोलणं थांबवतो. २०१५ मध्ये यूट्यूबने आपली जुनी जोडणी बंद केली, तेव्हा २०१२ च्या सुमाराच्या कितीतरी उपकरणांवरचं यूट्यूब असंच बंद पडलं. ती उपकरणं धडधाकट होती.

त्यामुळे व्हिडिओ अडला की आधी स्क्रीनवर काय लिहून आलंय ते शांतपणे वाचा. 'ॲप अपडेट करा' असं असेल तर प्ले स्टोअर उघडा. तिथं बटण असेल आणि फोनमध्ये जागा असेल तर काम झालं. जुन्या फोनवर खरी अडचण पुष्कळदा जागेचीच निघते. बटण नसेल तर सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' उघडून ॲण्ड्रॉइडचा आकडा पाहा आणि सिस्टीम अपडेट शिल्लक आहे का ते तपासा. तेही नसेल तर दुकानात 'सॉफ्टवेअर मारून' उपयोग नाही. दुकानदार सहसा त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं सॉफ्टवेअर पुन्हा टाकतो. आकडा वाढत नाही आणि आतला सगळा डेटा मात्र पुसला जातो. लग्नाचे फोटो फक्त त्याच फोनमध्ये असतील तर हे फार महागात पडतं. हौशी मंडळी फोन कंपनीचं नसलेलं, बाहेर कुणी बनवलेलं ॲण्ड्रॉइड टाकून आकडा वाढवतातही, पण त्यानंतर बँकेची ॲप अडून बसतात आणि अनेक फोनवर व्हिडिओची प्रत खालावते.

ही प्रत खालावण्याची गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण तिथं दोन्ही अपडेटं अपुरी पडतात. नेटफ्लिक्ससारख्या सेवा व्हिडिओ कुलूपबंद करून पाठवतात. ॲण्ड्रॉइडवर ते कुलूप उघडण्याचं काम वाइडवाइन करतं. फोनला वाइडवाइनचा एल१ दर्जा असेल तर चित्र एचडी दिसतं. एल३ असेल तर साधारण ४८० पी वर, म्हणजे एचडीहून कमी स्पष्ट चित्रावर थांबतं, मग स्क्रीन कितीही चांगली असो आणि नेट कितीही जोरात असो. एल१ मध्ये कुलूप चिपमधल्या सुरक्षित कप्प्यात उघडतं आणि त्याची किल्ली कारखान्यातच बसवलेली असते. वनप्लस ५ आणि ५टी हे फोन एल१ शिवाय विकले गेले होते. नंतर कंपनीने ती सोय दिली, पण त्यासाठी ग्राहकांना फोन कंपनीकडे पाठवावा लागला. नेटफ्लिक्सच्या ॲप सेटिंगमध्ये 'प्लेबॅक स्पेसिफिकेशन' उघडलं की तुमच्या फोनचा दर्जा लिहिलेला दिसतो. तिथं एल३ असेल तर एचडीच्या महागड्या प्लॅनचे पैसे निदान त्या फोनसाठी भरू नका.

चिपचा आणखी एक मुद्दा. व्हिडिओ आकसून पाठवण्याच्या पद्धती बदलत गेल्या: २००३ ची एच.२६४, २०१३ ची व्हीपी९, २०१८ ची एव्ही१. चिपमध्ये त्या पद्धतीची सोय असेल तर फोन गार राहतो. नसेल तर ते काम मुख्य प्रोसेसरला सॉफ्टवेअरच्या जोरावर करावं लागतं. फोन तापतो, बॅटरी झरझर उतरते, चित्र अडखळतं. सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना हे लगेच जाणवतं. अशा वेळी व्हिडिओ ४८० पी किंवा त्याखाली लावा आणि पाहताना फोन चार्जरला लावू नका.

कधी अडचण तिसरीच निघते. मार्च २०२५ मध्ये जगभरातले २०१५ सालचे दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट, म्हणजे फोनवरचा व्हिडिओ टीव्हीवर दाखवणारी गूगलची उपकरणं, अचानक बंद पडले. त्यातल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची, म्हणजे उपकरण खरं आहे हे पटवणाऱ्या ओळखपत्राची, मुदत संपली होती. गूगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली आणि दरम्यान उपकरण फॅक्टरी रीसेट करू नका असं सांगितलं. ज्यांनी घाईने रीसेट केलं, त्यांचा त्रास वाढला. फोनवर अशाच प्रकारचा, पण फार सोपा बिघाड दिसतो: बॅटरी पूर्ण उतरून तारीख चुकते, मग प्रमाणपत्रं अवैध ठरतात आणि काहीच उघडत नाही. तारीख-वेळ 'आपोआप' वर ठेवली की फोन सुरळीत होतो.

एका बाबतीत मी ठाम आहे. ॲपच्या अपडेटने ॲण्ड्रॉइडमधली भोकं बुजत नाहीत. 'अबाउट फोन'मध्ये 'सिक्युरिटी पॅच'ची (भोकं बुजवणाऱ्या शेवटच्या दुरुस्तीची) तारीख दोन-तीन वर्षं मागची असेल तर त्या फोनवर फोनपे, गूगल पे किंवा बँकेचं ॲप ठेवू नका, यूट्यूब कितीही छान चालत असलं तरी. आणि व्हॉट्सॲपवर 'नवीन अपडेट' म्हणून येणारी एपीके फाइल (प्ले स्टोअरला वगळून थेट ॲप बसवणारी फाइल) कोणी पाठवली असली तरी उघडू नका. अशाच फाइलींतून लोकांची खाती रिकामी झाली आहेत.

घरी कीर्तन, बातम्या, आषाढीला पंढरपूरचं दर्शन किंवा जानेवारीत सिद्धेश्वराचा अक्षता सोहळा पाहायला मात्र तो फोन अजून चांगला आहे. ॲप चालेना झालं तर बहुतेक वेळा ब्राउझरमध्ये यूट्यूबची साइट चालते. ती उघडून मेन्यूतून 'मुख्य स्क्रीनवर जोडा' दाबा आणि जुन्या ॲपचं चिन्ह तिथून काढून टाका, म्हणजे आजीचं बोट चुकून त्यावर जाणार नाही.