गिझर किती लिटरचा घ्यावा? एकाहून जास्त शॉवर असलेल्या घरांसाठी

"आम्ही सहा जण आहोत, किती लिटरचा लागेल?" असं विचारत ग्राहक येतात. आम्ही आधी विचारतो, आंघोळ बादलीने की शॉवरने? सारं गणित तिथेच फिरतं.

टाकीतलं पाणी 20 अंश आणि गिझरमधलं 60 अंश धरलं, तर अंगाला सोसेल असं 40 अंशांचं पाणी म्हणजे निम्मं गरम, निम्मं गार. 20 लिटरच्या बादलीला 10 लिटर गरम पाणी झालं. 2 किलोवॉटची कॉइल तेवढं पंधरा मिनिटांत पुन्हा तापवते. बादलीवाल्या घराला 25 लिटरचा गिझर आरामात पुरतो.

शॉवरचं तसं नाही. घरी एवढं करून बघा: शॉवरखाली 20 लिटरची बादली ठेवा, नळ पूर्ण सोडा, मोबाईलवर वेळ लावा. अडीच मिनिटांत भरली तर मिनिटाला 8 लिटर. सहा मिनिटांच्या आंघोळीला 48 लिटर, त्यातलं 24 गरम. म्हणजे 25 लिटरचा गिझर एकाच माणसात रिकामा, आणि पुन्हा तापायला 35 मिनिटं! प्रेशर पंप असेल तर बादली याहून लवकर भरते. एका घरी आम्ही पंप लक्षात न घेता 25 लिटरचे दिले. शेवटी आंघोळीला जाणाऱ्या आजींच्या वाट्याला रोज कोमट पाणी येई. ते बदलून दिले. तेव्हापासून बादली लावल्याशिवाय आम्ही आकडा सांगत नाही.

सकाळच्या तासाभरात एका बाथरूममध्ये तिघं शॉवर घेणार असतील, तर तिथे 50 लिटरचा घ्या. दोन बाथरूम लांब असतील तर दोन वेगळे गिझर बरे. 15 मीटर अर्ध्या इंची पाइपात दोनेक लिटर पाणी गार होऊन पडतं, ते दर वेळी वाया जातं. दोन्ही एकदम चालले तर 4 किलोवॉट होतात, म्हणून वीजबिलावरचा मंजूर भार बघा. प्रत्येकाला स्वतंत्र 16 अँपिअरचा पॉइंट आणि चांगलं अर्थिंग हवंच.

3 किलोवॉटचा इन्स्टंट गिझर शॉवरला घेऊ नका. मिनिटाला 8 लिटर पाणी तो जेमतेम 5 अंशांनी तापवतो. गॅस गिझर घ्यायचा तर तो आणि सिलिंडर दोन्ही बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत. यात आम्ही तडजोड करत नाही. बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि जीव जातो.

नरक चतुर्दशीच्या पहाटेचा हिशोब धरून मोठा गिझर घेऊ नका. त्या दिवशी बादल्या काढा.

दुकानात येताना बादली भरायला लागलेला वेळ, सकाळी आंघोळ करणारी माणसं आणि पाणी बोअरचं आहे का, एवढं लिहून आणा. बोअरच्या पाण्याने कॉइलवर क्षार चढतात, त्यासाठी गिझरची आतली टाकी वेगळी निवडावी लागते.