वर्षातले मोजके तास चालणारे वीजकेंद्र

वर्षाचे तास 8,760. नगरपालिकेचे तेलावर चालणारे छोटे वीजकेंद्र त्यांपैकी फार तर काही शे तास चालते. मग एवढी यंत्रे नुसती उभी का ठेवायची? कारण ग्रिडला, म्हणजे केंद्रे आणि ग्राहक जोडणाऱ्या वीजवाहिन्यांच्या जाळ्याला, ज्या क्षणी मागणी, त्याच क्षणी निर्मिती लागते. निर्मिती कमी पडली की सगळ्या जनित्रांचा वेग मंदावतो, वारंवारता 50 हर्ट्झच्या (काही देशांत 60) खाली घसरते आणि शेवटी काही भागांची वीज तोडावी लागते.

कोळशाचा थंड बाष्पक तापून वीज मिळायला कित्येक तास लागतात. डिझेल इंजिनाला काही मिनिटे पुरतात. सिलिंडरमध्ये दाबलेली हवा 500 अंश सेल्सिअसच्याही वर तापते आणि फवारलेले तेल ठिणगीशिवाय पेट घेते. ही तत्परता मात्र राखावी लागते: बंद इंजिनातले पाणी गरम ठेवतात, सुरू करण्याआधी बेअरिंगना तेल पोचवतात. मोठी इंजिने बहुधा टाकीत दाबाखाली साठवलेल्या हवेने फिरवतात, त्यामुळे बाहेर सगळी वीज गेलेली असतानाही ती सुरू होऊ शकतात. 9 नोव्हेंबर 1965 रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडातला ओंटारिओ अंधारात गेला, तेव्हा बंद पडलेली मोठी केंद्रे पुन्हा सुरू करायलाच बाहेरची वीज हवी होती. स्वतःच्या बळावर उठणाऱ्या यंत्रांचे मोल त्या रात्री कळले.

इंजिन फिरू लागले तरी ते लगेच ग्रिडला जोडत नाहीत. व्होल्टेज, वारंवारता आणि लहरींची लय, तिन्ही जुळल्यावरच ब्रेकर, म्हणजे मोठा स्विच, जोडतात. लय चुकली तर ग्रिड जनित्राला असा हिसका देते की शाफ्टला इजा होऊ शकते.

किंमत अर्थातच मोठी. लिटरभर डिझेलमध्ये सुमारे 10 युनिट ऊर्जा असते, तिच्यातून वीज जेमतेम 4 युनिट मिळते आणि 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तरीही हिशेब जुळू शकतो, कारण घाऊक वीज विकत घेणाऱ्या नगरपालिकेला अनेकदा वर्षातल्या किंवा महिन्यातल्या सर्वाधिक मागणीवरही आकार भरावा लागतो. त्या एका तासात स्वतःची वीज असली की तो आकार उतरतो.

संध्याकाळचे दोन-चार तासांचे मागणीचे शिखर आता बॅटऱ्यांकडे सोपवावे, असे मला ठामपणे वाटते. धूर नाही आणि प्रतिसाद सेकंदाच्या आत. मात्र वादळाने वाहिन्या पडून दोन दिवस पुरवठा तुटला, तर चार तासांची बॅटरी पहिल्याच रात्री रिकामी होते. तिथे टाकीतले तेल अजूनही उपयोगी पडते, फक्त ते पाणी आणि सूक्ष्मजीवांपासून जपून, इंजिन अधूनमधून खऱ्या लोडवर चालवून पाहायला हवे.